बंपरच्या आतली अक्षरं

समाजमाध्यमांवर मुसलमानाला गप्प करायचं असेल तर हल्ली फार कष्ट पडत नाहीत. ‘पंक्चरवाला’ किंवा ‘भंगारवाला’ एवढं लिहिलं की काम भागतं. त्यावर आपल्याकडून येणारं उत्तरही ठरलेलं असतं. कुणी जाबिर इब्न हय्यानचं नाव पुढे करतं, कुणी अल-राझीचं, कुणी थेट एपीजे अब्दुल कलामांचं. म्हणजे टोमणा मारणारा म्हणतो, तुम्ही भंगारवाले आहात. आणि आपण म्हणतो, नाही, आम्ही शास्त्रज्ञ होतो. भांडण मोठं दिसतं, पण दोघांचं गृहीतक एकच आहे. गॅरेजमध्ये आणि भंगाराच्या गाळ्यात ज्ञान नसतं, यावर दोघांचंही एकमत आहे.

मला हे गृहीतकच तपासून पाहावंसं वाटतं. त्यासाठी मी एक साधी वस्तू निवडली आहे. गाडीचा प्लास्टिकचा बंपर.

मी कुर्ल्यात उर्दू आणि मराठी शिकवतो. रसायनशास्त्र माझा विषय नाही. पण माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुलं असतात, ज्यांचे अब्बा किंवा मामू सीएसटी रोडच्या बाजूला जुन्या गाड्यांची कटाई करतात, डेंटिंग-पेंटिंग करतात किंवा प्लास्टिकच्या भंगाराचा धंदा करतात. त्यांच्या घरी जाण्याचे प्रसंग येतात. तिथे उलट्या ठेवलेल्या बंपरच्या आतल्या बाजूला मला पहिल्यांदा ती अक्षरं दिसली. दोन कोनी कंसांच्या मध्ये ठसठशीत उमटलेली, रोमन लिपीतली अक्षरं. मराठीत लिहायची तर अशी: पीपी+ईपीडीएम-टीडी२०. भाषेच्या शिक्षकाला न कळणारी लिपी दिसली की चैन पडत नाही. ही अक्षरं वाचता वाचता जो इतिहास हाती लागला, तो असा आहे.

तेल बनवणारा वायू

पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन. त्याचा सख्खा भाऊ पॉलिइथिलीन. या घराण्याचं नाव पॉलिओलेफिन. ‘पॉली’ म्हणजे अनेक, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘ओलेफिन’ शब्दाची गोष्ट मजेदार आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी काही डच रसायनतज्ज्ञांनी इथिलीन वायूचा क्लोरीनशी संयोग घडवला, तेव्हा तेलासारखा द्रव तयार झाला. म्हणून त्या वायूला ‘तेल बनवणारा वायू’ असं फ्रेंच नाव पडलं आणि त्यावरून पुढे ओलेफिन हा शब्द आला. आज हेच वायू आपण खनिज तेलातून आणि नैसर्गिक वायूतून काढतो. शब्दानं आपला अर्थ उलट्या दिशेनं खरा केला, असं म्हणायला हरकत नाही.

या वायूंचे लहान लहान रेणू एकामागे एक जोडून लांबच लांब साखळी केली की पॉलिओलेफिन तयार होतं. ऐकायला सोपं, पण करायला ते फार अवघड गेलं.

मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या विनिंग्टन इथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे दोघे इथिलीनवर प्रचंड दाब देऊन प्रयोग करत होते. त्यांना हवं होतं ते झालं नाही. भांड्याच्या आत मेणासारखा पांढरा थर मात्र सापडला. तोच पॉलिइथिलीन. तो प्रयोग पुन्हा करायला गेले तर कधी जमे, कधी स्फोट होई. १९३५ मध्ये मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांनी तो नीट जमवला, तेव्हा उलगडा झाला की वायूत चुकून मिसळलेला किंचितसा ऑक्सिजन ही सगळी करामत करत होता. १९३९ मध्ये कारखाना सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धात हे नवं प्लास्टिक रडारच्या तारांवर आवरण म्हणून कामी आलं.

दुसरी उडी १९५३ ची. जर्मनीत रुर खोऱ्यातल्या म्युलहाइम गावी कार्ल त्सिग्लर यांच्या संस्थेत एक प्रयोग सारखा फसत होता. कारण शोधता शोधता असं दिसलं की भांड्यात आधीच्या कामातून राहिलेला निकेल धातूचा अंश साखळी वाढूच देत नव्हता. एक धातू साखळी तोडत असेल, तर दुसरा एखादा ती वाढवतही असेल. या विचारानं त्यांनी एकामागून एक धातू तपासले आणि टायटॅनियमवर येऊन थांबले. आता प्रचंड दाबाची गरज उरली नाही. साध्या दाबावर अधिक कडक, अधिक टणक पॉलिइथिलीन मिळू लागलं. भंगारात ज्याला ‘एचडी’ म्हणतात, ते हेच.

या दोन्ही गोष्टींत मला एक धागा दिसतो. एकीकडे चुकून आलेली हवा, दुसरीकडे भांड्याला चिकटलेली घाण. शोध लागला तो त्या घाणीकडे दुर्लक्ष न करणाऱ्या माणसांमुळे. प्रयोगशाळेतलं ज्ञानसुद्धा हाताशी असलेल्या वस्तूकडे बारकाईनं बघण्यातूनच आलं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

सरळ सफ

पॉलिप्रोपिलीनचा शोध इटलीतला. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये जूलिओ नात्ता यांनी त्सिग्लर यांचाच उत्प्रेरक वापरून ११ मार्च १९५४ रोजी प्रोपिलीनची साखळी बांधली. प्रोपिलीनच्या रेणूला बाजूला एक छोटा फाटा असतो. साखळी बांधताना हे फाटे वाटेल तसे, कधी उजवीकडे कधी डावीकडे पडले, तर हाती येतो तो मऊ, चिकट, निरुपयोगी पदार्थ. पण सगळे फाटे एकाच बाजूला, ओळीनं लागले तर साखळ्या एकमेकींना बिलगून बसतात आणि घट्ट, टणक, दीडशे अंशांच्या पुढेच वितळणारं प्लास्टिक तयार होतं. नमाजेतली सफ डोळ्यांपुढे आणा. खांद्याला खांदा लागलेली सफ आणि बाजारातली गर्दी, दोन्हीकडे माणसं तीच असतात. फरक असतो तो रचनेचा.

या रचनेला नाव हवं होतं. ते सुचवलं नात्ता यांच्या पत्नी रोझिता बेआती यांनी. त्या रसायनतज्ज्ञ नव्हत्या, साहित्याच्या पदवीधर होत्या. ग्रीक भाषेतले ‘समान’ आणि ‘मांडणी’ या अर्थाचे शब्द जोडून त्यांनी ‘आयसोटॅक्टिक’ हा शब्द घडवला. आज जगभरच्या कारखान्यांत तो रोज उच्चारला जातो. वर्गात मुलं विचारतात की सर, भाषा शिकून काय होतं? तेव्हा मी त्यांना रोझिताबाईंचं नाव सांगतो.

१९५७ मध्ये इटलीतल्या फेरारा इथे माँटेकातिनी कंपनीनं पॉलिप्रोपिलीनचं व्यापारी उत्पादन सुरू केलं. १९६३ मध्ये त्सिग्लर आणि नात्ता यांना रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पण गोष्ट इथे संपत नाही. अमेरिकेत फिलिप्स पेट्रोलियमच्या पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स यांनीही १९५१ मध्ये स्वतंत्रपणे पॉलिप्रोपिलीन बनवलं होतं. हे प्लास्टिक पहिल्यांदा कुणी केलं, यावर अमेरिकेत जवळपास तीस वर्षं कज्जे चालले आणि अखेर १९८३ मध्ये पेटंटचा निकाल होगन आणि बँक्स यांच्या बाजूनं लागला. ज्ञानाच्या श्रेयासाठी कंपन्या तीन-तीन दशकं लढतात. श्रेयाची किंमत त्यांना बरोबर कळते.

बॅटरीच्या वाटेनं गाडीत

सुरुवातीला पॉलिप्रोपिलीनच्या बादल्या, टब आणि घरगुती वस्तू झाल्या. गाडीत ते आधी आलं लहानसहान जागी. त्याचा एक गुण असा की त्याची पातळ पट्टी लाखो वेळा वाकवली तरी तुटत नाही. म्हणून साठच्या दशकात एक्सलरेटरचं पेडल बिजागरीसकट एकाच तुकड्यात ओतून काढता येऊ लागलं. वेगळी खीळ नको, वेगळं बिजागर नको, तेलपाणी नको.

पण खरी मोठी जागा मिळाली ती बॅटरीच्या खोक्यात. जुन्या पिढीतल्या मिस्त्रींना ती काळी, जड खोकी आठवत असतील. ती एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराची असत. भिंती जाड, वजन भारी, आणि हातातून पडलं तर तडा नक्की. वरचं झाकण डांबरानं बंद केलेलं. आतल्या कप्प्यांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या झाकणावरून उघड्या गेलेल्या. पॉलिप्रोपिलीन आलं आणि हे सगळं बदललं. तेजाबाचा त्यावर परिणाम होत नाही, ते पडलं तर फुटत नाही, आणि झाकण नुसतं तापवून दाबलं की कायमचं चिकटतं. भिंती पातळ झाल्यामुळे त्याच आकारात जास्त प्लेट आणि जास्त तेजाब मावू लागलं. खोकं थोडं पारदर्शक असल्यानं पातळी बाहेरूनच दिसू लागली. १९६७ मध्ये अमेरिकेत ग्लोब-युनियन कंपनीनं सीअर्ससाठी बनवलेली ‘डायहार्ड’ बॅटरी अशा पातळ भिंतींच्या पॉलिप्रोपिलीन खोक्यात बाजारात आली आणि बघता बघता जगभर एबोनाइटची सद्दी संपत गेली.

पाठोपाठ पेट्रोलची टाकी बदलली. १९७३ च्या सुमारास फोक्सवागनच्या पसाट गाडीत पॉलिइथिलीनची, म्हणजे आपल्या ‘एचडी’ची टाकी आली. पत्र्याची टाकी म्हणजे दोन वाट्या जोडून मारलेला सांधा. तो गंजतो आणि अपघातात उसवतो. प्लास्टिकची टाकी फुग्यासारखी साच्यात फुगवून करतात, त्यामुळे मागच्या सीटखाली, धुऱ्याच्या वर जशी वेडीवाकडी जागा मिळेल तसा तिला आकार देता येतो. एक खोट होती. पेट्रोलची वाफ तिच्या भिंतीतून हळूहळू झिरपते. त्यावर उपाय म्हणून पुढे भिंतीच्या मध्ये वाफ अडवणाऱ्या दुसऱ्या प्लास्टिकचा पातळ थर घालू लागले.

बंपर का बदलला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पूर्वीचा बंपर पोलादाचा, वर क्रोमचा चकचकीत मुलामा. आमच्या कुर्ल्यातच प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाटची ११०० डिलाइट तयार होत होती. तीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिचा क्रोमचा बंपर टॅक्सीवाले सकाळी फडक्यानं घासत, आणि त्यात रस्त्याचं प्रतिबिंब दिसे. दिसायला देखणा, पण धडक बसली की कायमचा चेपणारा, मुलामा उडाला की गंजणारा आणि पादचाऱ्याला लागला तर हाड मोडणारा.

बदलाची कारणं तीन. पहिलं, अमेरिकेनं १९७३ च्या मॉडेलपासून नियम केला की ताशी ५ मैल वेगानं गाडीचं नाक भिंतीला लागलं तरी दिवे आणि इतर सुरक्षेच्या भागांना धक्का लागता कामा नये. म्हणजे चेपून पुन्हा मूळ आकारात येणारं काहीतरी हवं होतं. दुसरं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं, अरब देशांनी तेल रोखलं आणि भाव जवळजवळ चौपट झाले. गाडीचं वजन कमी करणं ही आता गरज झाली. पोलादाची घनता ७.८, पॉलिप्रोपिलीनची ०.९. तिसरं, खर्च. पोलादाचा बंपर म्हणजे कापणं, दाबणं, घासणं, मुलामा देणं. प्लास्टिकचा बंपर एका साच्यातून मिनिट-दीड मिनिटात बाहेर.

१९७२ च्या रेनो-५ चा बंपर प्लास्टिकचा होता, पण तो काचतंतू घातलेल्या पॉलिएस्टरचा. एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही, म्हणजे भंगारात त्याला मोल नाही. पॉलिप्रोपिलीन पुन्हा पुन्हा वितळतं. त्याचा दोष वेगळा होता. शून्य अंशाच्या आसपास ते ठिसूळ होतं आणि युरोपातल्या थंडीत बंपर काचेसारखा फुटू शकतो. म्हणून त्यात रबर मिसळलं. ते रबरही इथिलीन आणि प्रोपिलीनपासूनच केलेलं, म्हणजे घरातलंच. हेच त्या अक्षरांमधलं ‘ईपीडीएम’. मग बंपर जरा जास्तच लवचिक झाला आणि उन्हात फुगू लागला. म्हणून त्यात टाल्कची, म्हणजे आपल्या अंगाला लावायच्या पावडरीतल्या दगडाची भुकटी घातली. ‘टीडी२०’ म्हणजे २० टक्के टाल्क. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत हे मिश्रण युरोपात रुळलं. १९९१ मध्ये टोयोटानं ‘सुपर ओलेफिन पॉलिमर’ नावानं आपलं मिश्रण काढलं आणि तेही पुन्हा वितळवून वापरता येईल असंच घडवलं.

तर बंपरच्या आतली ती ओळ म्हणजे एक पूर्ण वाक्य आहे. थंडीत फुटू नये म्हणून रबर आणि उन्हात वाकू नये म्हणून दगड घातलेलं पॉलिप्रोपिलीन. ती ओळ गाडी विकत घेणाऱ्यासाठी नसते, म्हणून तर ती आतल्या बाजूला असते. गाडी मेल्यावर तिचे तुकडे करणाऱ्या माणसासाठी ती लिहिलेली असते. पत्र आपल्याच मोहल्ल्याच्या पत्त्यावर आलेलं आहे.

ठाणे-बेलापूर ते जुबैल

हे घराणं महाराष्ट्रात बरंच आधी आलं. साठच्या दशकात ट्रॉम्बेला युनियन कार्बाइडचा आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिलचा नाफ्ता तोडून इथिलीन काढणारा कारखाना उभा राहिला. त्याच रस्त्यावर मफतलाल समूह आणि जर्मनीची हेक्स्ट कंपनी यांनी मिळून काढलेल्या कारखान्याचं नावच ‘पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज’ होतं. तिथे ‘एचडी’ होई. पॉलिप्रोपिलीनसाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वडोदऱ्याला आयपीसीएलचा कारखाना सुरू होईपर्यंत थांबावं लागलं. पुढे आपल्या रायगड जिल्ह्यात नागोठण्यालाही आयपीसीएल आली.

नागोठण्याच्या आसपासच्या कोकणातली आपली माणसं तोवर आखातात पोहोचली होती. सौदी अरबस्तानानं १९७६ मध्ये साबिक कंपनी स्थापन केली, जुबैलचं औद्योगिक शहर उभं राहिलं. २००२ मध्ये याच साबिकनं हॉलंडच्या डीएसएम कंपनीचा पेट्रोकेमिकल्सचा धंदा विकत घेतला आणि युरोपातल्या गाड्यांसाठी पॉलिप्रोपिलीन पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत ती जाऊन बसली. रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी घरांची पक्की छपरं जुबैलच्या पगारातून झाली आहेत. पॉलिओलेफिनच्या इतिहासाला आपण अनोळखी नाही. आपण त्याच्या पहिल्या टोकालाही आहोत आणि शेवटच्याही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिच्याबरोबर काळा प्लास्टिकचा बंपर आपल्या रस्त्यांवर सवयीचा होत गेला. पद्मिनीचं उत्पादन एकविसावं शतक उजाडता उजाडता थांबलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. कारखाना गेला. प्रीमियर रोड हे नाव तेवढं राहिलं.

गाळ्यातली प्रयोगशाळा

आज एका मध्यम गाडीत साधारण दीडशे ते दोनशे किलो प्लास्टिक असतं आणि त्यात सर्वात मोठा वाटा पॉलिप्रोपिलीनचा असतो. गाडीची कटाई झाली की लोखंड एका वाटेनं जातं, तांबं-अॅल्युमिनियम दुसऱ्या, आणि प्लास्टिक तिसऱ्या. ही तिसरी वाट धारावीच्या तेरा कंपाउंडकडे, मालेगावच्या प्लास्टिक कारखान्यांकडे आणि अशाच कितीतरी वस्त्यांकडे जाते. तिथे काम करणाऱ्यांत आपली माणसं मोठ्या संख्येनं आहेत. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त असल्याचं आणि वाहनदुरुस्ती हा त्यांच्या प्रमुख व्यवसायांपैकी एक असल्याचं नोंदलेलं आहे.

तिथे प्लास्टिक कसं ओळखतात? तुकडा फरशीवर टाकतात आणि कान देतात. एबीएस खणकन वाजतं, पीपीचा आवाज बसका येतो. नखानं ओरखडा काढतात. वाकवून पाहतात. किंचित जाळतात: मेणबत्ती विझल्यासारखा वास आला तर पीपी किंवा एचडी, काजळीचा दाट धूर निघाला तर एबीएस, नाकाला झोंबलं तर पीव्हीसी. मग पाणी. पॉलिओलेफिन पाण्यावर तरंगतं, बाकीची बहुतेक बुडतात. पण इथे बंपर फसवतो. २० टक्के टाल्क असलेला बंपर पाण्यापेक्षा किंचित जड होतो आणि बुडतो. १० टक्क्यांचा तरंगतो. म्हणून जाणता कारागीर हौदात मीठ घालतो. पाण्याची घनता वाढते आणि बुडणारा बंपर वर येतो. घनतेचा हा धडा कुठल्याही वहीत लिहिलेला नसतो. मामूकडून भाच्याकडे जातो.

पेंटरचंही तसंच. पॉलिओलेफिनला कशाचीच माया लागत नाही. त्यावर रंग बसत नाही, साधा गोंद धरत नाही. कारखान्यात त्यावर झटपट ज्योत फिरवतात किंवा क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिनचा प्रायमर मारतात, तेव्हा कुठे रंग पकडतो. आमच्या गल्लीतल्या पेंटरला क्लोरीनचं नाव माहीत नाही. पण ‘प्लास्टिक प्रायमर’ मारल्याशिवाय बंपरला हात लावायचा नाही, नाहीतर सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तडा गेला तर गोंदाच्या फंदात न पडता गरम हवेनं त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून तो सांधा भरतो. पीपीला पीपीच जोडतं.

इटलीत फियाटनं १९९२ मध्ये जुन्या गाड्यांच्या पुनर्वापराची एक योजना सुरू केली. बंपर दळून त्यातून हवेच्या नळ्या करायच्या, त्या नळ्या जुन्या झाल्या की त्यातून गाडीतली पायपुसणी. दर पायरीला दर्जा थोडा उतरतो, म्हणून काम थोडं हलकं द्यायचं. जगानं या कल्पनेचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. धारावीत हीच पायऱ्यांची वाट रोज चालू असते. बंपरची गिट्टी, गिट्टीचा दाणा, दाण्यातून घमेलं किंवा कुंडी. फरक एवढाच की फियाटच्या योजनेला नाव होतं, कागद होता, संरक्षक कपडे होते.

जे शिसं दिसत नाही

या फरकाची किंमत कोण देतं, तेही सांगायला हवं. गाळ्याचं गुणगान करून थांबलो तर ती आपल्याच माणसांशी बेइमानी होईल.

बॅटरीचं पॉलिप्रोपिलीन खोकं उत्तम विकलं जातं. यंत्रावर बॅटरी फोडली की शिसं पाण्यात तळाला जातं, खोक्याचे तुकडे वर तरंगतात, तेजाब वेगळं साठवलं जातं. तेच काम बंद खोलीत हातोड्यानं केलं, तर तेजाब गटारात जातं आणि शिशाची धूळ हातावर, कपड्यांवर, घरच्या गादीवर जाते. शिसं मुलांच्या मेंदूवर घाव घालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसं चिंताजनक प्रमाणात आहे, आणि बॅटऱ्यांची असुरक्षित मोडतोड हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. वर्गात एखादं मूल सारखं विसरतं, चिडतं, एका जागी बसत नाही. आपण त्याला ढ म्हणून मोकळे होतो. दरवेळी कारण शिसं नसेल. पण बॅटरी फोडणाऱ्या घरातलं मूल असेल, तर छडी उचलण्याआधी रक्त तपासायला सांगणारा शिक्षक हवा.

प्लास्टिक जाळून ओळखण्याचंही तसंच. त्या वासात अचूक ज्ञान आहे आणि आजारपणही आहे. ज्या नाकानं शिकायचं, त्याच नाकानं मरायचं, ही अट कुणीही घातलेली नाही. मिठाचा हौद आणि बंपरच्या आतली अक्षरं ही दोन साधनं धुराशिवाय बरंचसं काम करू शकतात.

नवा कायदा, जुना गाळा

युरोपीय संघानं २००० मध्येच कायदा करून ठरवलं की २०१५ पासून मोडीत निघालेल्या गाडीचा वजनानं ९५ टक्के भाग पुन्हा वापरात आला पाहिजे किंवा त्यातून निदान ऊर्जा तरी मिळवली गेली पाहिजे. २०२३ मध्ये युरोपीय आयोगानं प्रस्ताव मांडला की नव्या गाडीतल्या प्लास्टिकपैकी २५ टक्के पुनर्वापरातलं असावं. म्हणजे जुन्या बंपरची किंमत वाढणार आहे.

आपल्याकडे २०२१ मध्ये वाहन मोडीचं धोरण आलं, नोंदणीकृत मोड केंद्रं सुरू झाली. १ एप्रिल २०२५ पासून मोडीत निघालेल्या वाहनांचे स्वतंत्र नियम लागू झाले. त्यात गाडी बनवणाऱ्या कंपनीवर जबाबदारी टाकली आहे, हे स्वागतार्हच. पण कंपनीचं उद्दिष्ट मोजलं जातं ते पोलादाच्या वजनात. प्लास्टिक त्या हिशेबात नाही. जे मोजलं जात नाही ते करणाऱ्याची नोंदही होत नाही. मोड केंद्र काढायला जागा, यंत्रं आणि भांडवल लागतं. ते ज्यांच्याकडे आहे ते येतील. मिठाच्या हौदाचं ज्ञान ज्यांच्याकडे आहे, ते एकतर तिथे रोजंदारीवर जातील किंवा ‘बेकायदा’ ठरतील.

यावर निवेदनं द्यायला हवीतच. भंगार व्यावसायिकांच्या संघटनांनी प्लास्टिकचाही उद्दिष्टात समावेश करा, लहान गाळ्यांना एकत्र येऊन केंद्र काढता येईल अशी सोय करा, अशी मागणी लावून धरली पाहिजे. पण आपल्या हातात असलेल्या गोष्टीही आहेत. केंद्र सरकारच्या कौशल्य योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. वीस वर्षं प्लास्टिक निवडणाऱ्या माणसाला त्या कागदाचा उपयोग होऊ शकतो. आणि मुलांसाठी ‘सिपेट’ आहे. १९६८ मध्ये मद्रासला सुरू झालेली ही प्लास्टिक अभियांत्रिकीची सरकारी संस्था. महाराष्ट्रात तिचं केंद्र औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. दहावीनंतर तिथे तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. गाळ्यात वाढलेल्या मुलाला तिथला निम्मा अभ्यास हातानं आधीच येत असतो. उरलेल्या निम्म्यासाठी त्याला गणित आणि इंग्रजी लागेल, आणि ते देणं हे आम्हा शिक्षकांचं काम आहे.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे आमच्या मुलांनी भंगारातच राहायचं का? तसं माझं म्हणणं नाही. त्यांनी डॉक्टर व्हावं, वकील व्हावं, कवी व्हावं. पण ज्याला बापाच्या कामाची लाज वाटते तो त्या कामातून बाहेर पडतो तेव्हा रिकाम्या हातांनी पडतो. ज्याला त्या कामातलं शास्त्र कळलेलं असतं, तो सोबत काहीतरी घेऊन निघतो.

आणि टोमणा मारणाऱ्यासाठी एवढंच. तुझ्या गाडीचा बंपर गिब्सन, त्सिग्लर, नात्ता आणि रोझिताबाईंच्या डोक्यातून आला आहे. तो मोडल्यावर त्याच्या आतली अक्षरं वाचणारा माणूस कुर्ल्यात बसलेला आहे. त्याला भंगारवाला म्हण. तो आहेच. शिवी कुठे दिली, ते मात्र अजून मला सापडलेलं नाही.